घळीत शिरण्याआधी पंचांग उघडा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे. या वेळचा विषय : कोकण किनाऱ्यावरच्या समुद्री गुहा आणि घळी

थंडी सुरू झाली की दोन दिवसांच्या कोकण सहलींची पत्रे वाढतात. यंदा त्यांत किल्ले आणि मंदिरांपेक्षा कड्याखालच्या घळी, लाटांनी कोरलेल्या गुहा आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकवाटा यांबद्दल जास्त विचारणा आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र जानेवारीत शनिवार-रविवार गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यातल्या घळी आणि लहान गुहा पाहायला जाणार आहोत. दोन्ही दिवस दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी आहे, उजेडही भरपूर, म्हणून तीच तारीख धरली. बरोबर ना? (डोंबिवली)

तारीख बदला. आपल्या किनाऱ्यावर भरदुपारी ओहोटी म्हणजे सप्तमी-अष्टमीचा सुमार, म्हणजेच भांग. त्या दिवसांत पाणी भरतीला फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. तुम्ही बाराला कड्याखाली उतराल आणि घळीचे तोंड गुडघाभर पाण्यातच दिसेल.

कोकणातला जुना हिशोब असा : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, येईल त्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे ८, पाऊणपट ६. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या आसपास. पाणी खरे खोल उतरते ते या दोन तिथींना आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे उधाणात. पण तेव्हाची ओहोटी नेमकी पहाटे किंवा तिन्हीसांजेला येते. भरपूर उजेड आणि भरपूर ओहोटी या दोन्ही गोष्टी या किनाऱ्यावर एकत्र मिळत नाहीत, मधला मार्ग काढावा लागतो.

तो मार्ग असा. तृतीया-चतुर्थी घ्या, शुक्ल असो वा कृष्ण. चतुर्थीची पाऊणपट ३, म्हणजे तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, साडेसातला ऊन वर आलेले असते आणि पाणी उतरत असताना तुम्ही खाली जाता. दुसरा पर्याय द्वादशी-त्रयोदशीचा, ओहोटी दुपारी तीन ते पावणेचारला. हिशोबात तोही बसतो, पण दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि समुद्र खवळतो. सकाळचाच पर्याय चांगला.

पाऊणपटीचा हिशोब मुंबईच्या पाण्याला बसतो. रत्नागिरीला भरती त्याआधी लागते, मालवण-गोव्याकडे आणखी आधी. म्हणून पंचांगावरून फक्त आठवडा ठरवा, मिनिटे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. ॲप वापरत असाल तर त्यात बंदर कोणते लावले आहे ते बघा. पुष्कळदा मुंबईच लावलेली असते. वेळेशेजारी मीटरमध्ये उंचीही दिलेली असते आणि ती बहुतेक जण वाचत नाहीत. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा खाली असेल तर खडक चांगले उघडे पडतील. एक मीटर दाखवत असेल तर घळी वरूनच बघायच्या. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, तेव्हा सकाळची उंची बघून संध्याकाळची गृहीत धरू नका.

प्रश्न : ओहोटी ९ वाजता असेल तर आम्हाला नक्की किती वेळ मिळतो? मित्र म्हणतो तीन तास आधी आणि तीन तास नंतर. (पिंपरी)

मित्राचे ऐकू नका. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बारा भागांचा आहे : ओहोटीनंतर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी २० सेंटीमीटर चढते, दुसऱ्याच्या अखेरीस ६० आणि तिसऱ्याच्या अखेरीस १२० सेंटीमीटर. पहिला तास काहीच घडत नसल्यासारखा जातो आणि लोक तिथेच फसतात. ‘पाणी कुठे वाढलंय?’ म्हणत दुसरा तासही काढतात, आणि परतीच्या वाटेवरची सखल फट तोवर भरलेली असते.

आमचा हिशोब साधा आहे. ओहोटीच्या दीड तास आधी खाली उतरा. सगळ्यात लांबचे ठिकाण आधी गाठा आणि बघत बघत वाटेकडे परत या. ऐन ओहोटीच्या क्षणी तोंड परतीकडे असले पाहिजे आणि त्यानंतर अर्ध्या तासात सगळे जण भरतीच्या रेषेच्या वर. जाताना वाटेतली सर्वांत सखल जागा कोणती ते हेरून ठेवा. गुहेचे तोंड उघडे असले तरी ती जागा बुडाली की तुम्ही अडकलात. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट : मुंबईला उधाणात हा फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास राहतो. उत्तरेकडे जाल तसे तेवढ्याच वेळात पाणी जास्त चढते. श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा अंदाज मालवणच्या अनुभवावरून बांधू नका.

प्रश्न : समुद्र अगदी शांत असताना अचानक मोठी लाट आली आणि लोक ओढले गेले, अशा बातम्या वाचतो. वारा नसताना लाट येते कुठून? दर सातवी लाट मोठी असते हे खरे का? (कोल्हापूर)

सातचा आकडा खरा नाही, पण त्यामागचे निरीक्षण खरे आहे. लांबून येणाऱ्या लाटा गटागटाने येतात. बराच वेळ लहान लाटा, मग तीन-चार मोठ्या, पुन्हा शांतता. दोन गटांमधले अंतर कधी पाच मिनिटे, कधी पंधरा. म्हणून खडकावर उतरण्याआधी वर उभे राहून घड्याळ लावून किमान वीस मिनिटे, शक्यतो अर्धा तास, एकच ठरावीक खडक बघत राहा आणि सर्वांत मोठ्या लाटेचे पाणी कुठवर चढले ते मनात धरा. तुमची कोरडी रेषा त्याच्याही वर, उंचीने निदान दीड-दोन मीटर. बहुतेक जण दोन मिनिटे बघतात, फोटो काढतात आणि उतरतात.

वारा नसताना येणारी लाट इथली नसतेच. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या वादळांत ती जन्मते आणि काही दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागते. केरळात अशा उसळीला ‘कल्लक्कडल’ म्हणतात आणि तिथे तिचा तडाखा जास्त बसतो, पण कोकण त्यातून सुटलेले नाही. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, तिची शक्यता वाढते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे आणि अशा उसळीचे इशारे जिल्हावार देते. निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असे दोनदा बघा.

अंदाजात लाटेच्या उंचीइतकाच तिचा कालावधी महत्त्वाचा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते तो. एक मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती वाऱ्याची चिरमिर आहे. तीच १५ सेकंदांची असेल तर तिच्यात पाण्याचा प्रचंड साठा असतो आणि उथळ खडकावर आली की ती उंच उठते. आम्ही घातलेली मर्यादा सांगतो : लाट एक मीटरच्या आत आणि कालावधी १० सेकंदांच्या आसपास, तरच घळींच्या तोंडाशी. १४ सेकंदांच्या पुढे असेल तर त्या दिवशी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, भटका, मासे खा, देवदर्शन करा.

हेदवीची बामणघळ बघितली की हे सगळे डोळ्यांसमोर घडते. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात समुद्राने एक अरुंद, लांब भेग कोरली आहे. रुंद तोंडातून आत शिरलेली लाट पुढे पुढे दाबली जाते, बाजूला पसरायला जागा नसते, शेवटाकडे अडकलेली हवाही दबते, आणि मग पाणी आणि हवा मिळून वर फुटतात. हा देखावा भरतीलाच आणि कडेपासून लांब उभे राहून बघायचा. तिथला ओला कातळ किती निसरडा आहे हे वरून कळत नाही आणि घळीत पडलेल्या माणसाला धरायला काही नसते. घळीत उतरणे कोणत्याही तिथीला नको, ओहोटीलाही नको.

प्रश्न : एखादी गुहा भरतीला पूर्ण बुडते की आत कोरडी जागा राहते, हे बघून ओळखता येते का? (सांगली)

येते. गुहेच्या तोंडाशी उभे राहा आणि बॅटरी जमिनीवर न मारता भिंतीवर खालून वर न्या. सर्वांत खाली हिरवे-तपकिरी शेवाळ. त्यावर कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचा, पांढुरका, धारदार थर. त्याच्या वर बार्नेकलचे, म्हणजे कवच असलेल्या चिमुकल्या समुद्री जीवांचे दाणे, मग काळपट, बुळबुळीत पट्टा आणि शेवटी कोरडा, मूळ रंगाचा खडक. कालवे आणि बार्नेकल यांना रोज पाणी लागते. ती जिथवर आहेत तिथवर रोजची भरती येते. काळ्या पट्ट्यापर्यंत लाटांचे फवारे पोचतात. हाच क्रम आतवर बघत जा. कालवांचा थर भिंत सोडून छताला लागलेला दिसला तर ती गुहा रोज दोनदा काठोकाठ भरते.

मग छतातल्या फटी बघा. थर्मोकोलचे तुकडे, जाळ्याचे निळे-हिरवे धागे, प्लास्टिकच्या बाटलीचे बूच तिथे अडकलेले असेल तर मोठ्या लाटा तिथवर जातात. जमीनही बोलते. तळाला गुळगुळीत गोल गोटे असतील तर ते लाटांनी एकमेकांवर घासून झाले आहेत, म्हणजे आत पाण्याचा जोर भरपूर. शेवटाला मऊ, कोरडी माती किंवा वटवाघळांची जुनी विष्ठा असेल तर तिथे पाणी सहसा पोचत नाही. पण त्याच्या भरवशावर भरतीभर आत बसून राहू नका. बाहेरची वाट सहा-सात तास बंद राहील आणि आतून फोन लागणार नाही.

वाळूचा तळ दर वर्षी, दर महिन्याला बदलतो. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती हळूहळू परत येते. एखाद्याने फेब्रुवारीत चालत पार केलेली गुहा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छातीभर पाण्याची असू शकते. म्हणून इंटरनेटवरच्या व्हिडिओचा महिना आधी बघा.

प्रश्न : छत कोसळण्याची भीती किती? (पुणे)

दगड कोणता त्यावर आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला खाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आणि वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, तांबडा जांभा. कातळात गुहा तयार होतात त्या फटींच्या रेषेत किंवा दोन लाव्हाथरांमधल्या मऊ तांबड्या पट्ट्यात. हा पट्टा लाटांनी आधी खाल्ला जातो आणि वरचा कठीण थर ओठासारखा पुढे राहतो. अशा छतातून अख्खी शिळा सुटते, पण फार क्वचित.

जांभ्याचे उलट आहे. त्याच्या खाली बहुधा पांढरट-गुलाबी मऊ माती असते. ती पाण्याने वाहून गेली की वरचा जांभा आधाराशिवाय लोंबतो आणि एक दिवस पडतो, विशेषतः पावसानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत. कड्याखाली ताज्या, तेजस्वी तांबड्या रंगाचे तुकडे पडलेले असतील, वरची जखमही तशीच ताजी दिसत असेल, तर खाली बसून डबा उघडायची ती जागा नाही. सड्यावरून घळीत डोकावायचा मोह होतो तेव्हाही हेच लक्षात ठेवा. कडेवर तुम्ही ज्या जांभ्यावर ओणवे झालात त्याच्या खाली काही आहे की नाही, हे वरून दिसत नाही. जांभ्यात ठोकलेल्या खुंटीवर दोर लावून कुणी उतरू नये, ती धरत नाही.

प्रश्न : सहा जणांसाठी काय काय साहित्य लागेल? डोंगरातल्या ट्रेकचे सामान चालेल का? (नाशिक)

हेल्मेट चालेल, गिर्यारोहणाचे, हनुवटीखाली पट्टा असलेले. बांधकामावरचे पिवळे हेल्मेट पहिल्या धक्क्याला डोक्यावरून उडते. डोक्यावरची बॅटरी प्रत्येकाला एक, पाण्यात बुडाली तरी चालणारी, म्हणजे ‘आयपीएक्स ७’ किंवा त्यावरची. ‘आयपीएक्स ४’ फक्त शिंतोड्यांपुरती असते. प्रत्येकी एक लहान राखीव बॅटरी खिशात आणि गटासाठी एक मोठी हातातली. मोबाइलचा टॉर्च मोजू नका. आतली हवा दमट असते, कपाळावरचा प्रकाश बाष्पावर आपटून डोळ्यांत येतो. तेव्हा बॅटरी काढून कमरेच्या उंचीवर धरा, जमीन स्पष्ट दिसते.

तळ चिकटून राहील असे बंद बूट, वजन कमी, पाणी पटकन निथळणारे. चपला, क्रॉक्स आणि जाड चामडी बूट तिन्ही नकोत. कातळावर हात टेकावे लागतात म्हणून रबरी पकडीचे सुती हातमोजे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. जीन्स नको, भिजली की सुकत नाही आणि पाय उचलणे जड जाते.

दोरीबद्दल मात्र डोंगरातली सवय सोडा. इथे दोरीचे पहिले काम पाण्यातल्या माणसाकडे फेकण्याचे आहे, म्हणून ती तरंगली पाहिजे. नायलॉनची दोरी बुडते आणि खडकात अडकते. पॉलिप्रॉपिलीनची तरंगते आणि बंदरावर जाळ्यांच्या दुकानात सहज मिळते. ८ ते १० मिलिमीटर जाड, १५ ते २० मीटर लांब, भडक रंगाची, तोंड उघडे राहील अशा पिशवीत सैल भरलेली. टोकाला गाठ मारून मूठ मावेल एवढा फास ठेवा. आदल्या संध्याकाळी पुळणीवर प्रत्येकाने दहा वेळा फेकून बघायची. पहिल्या दोन-तीन फेकी हमखास चुकतात, म्हणून त्या पुळणीवरच चुकू द्या. ही दोरी कुणाच्याही कमरेला बांधू नका. लाटेत दोरी खडकाला अडकली तर बांधलेला माणूस पाण्याखाली धरला जातो.

पाणी माणशी दोन लिटर. औषधाच्या डब्यात पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, गॉज, क्रेप बँडेज. पॉवर बँक आणि फोन जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशव्यांत, एकात एक अशा दोन.

प्रश्न : गटात एकाला पोहता येत नाही, शिवाय एकाचा १३ वर्षांचा मुलगा येणार आहे. लाइफ जॅकेट घातले की झाले ना? (ठाणे)

नाही झाले. लाइफ जॅकेट माणसाला तरंगवते, पण त्याला खडकावर आपटण्यापासून वाचवत नाही. जॅकेट घालाच, पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटन तरंगशक्तीचे, मांडीखालून पट्टा असलेले, नाहीतर ते गळ्यावर चढते. पण या दोघांनी कोरड्या रेषेच्या खाली उतरायचे नाही. त्यांना खरे काम द्या. वरच्या खडकावर बसून समुद्राकडे बघत राहण्याचे काम सहलीतले सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यांच्यासोबत एक पोहणारा, अनुभवी माणूस ठेवा.

सहा जणांचा गट असेल तर तिघे कायम बाहेर, तिघे खाली. खाली उतरलेल्यांनी समुद्राकडे पाठ करायची नाही, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी फोटोसाठी उभे राहायचे नाही. शिट्टीवर विसंबू नका, लाटांच्या आवाजात ती दबून जाऊ शकते. हातांच्या खुणा ठरवा. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ‘जागेवर थांबा, मोठी लाट’. एक हात गोल फिरवला म्हणजे ‘लगेच परत’. गुहेत असलेल्यांसाठी बाहेरून बॅटरीची तीन वेळा उघडझाप. ‘परत’ची खूण झाली की चर्चा नाही, हे आदल्या रात्री जेवताना ठरवून टाका. कुणी आदल्या रात्री जास्त प्यायले असेल तर तो सकाळी खोलीवरच राहील, हेही तेव्हाच ठरवा.

मुलासाठी हरिहरेश्वर बघा. देवळामागून दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात आणि पुढे लाटांनी सपाट तासलेल्या खडकावरून प्रदक्षिणेचा मार्ग जातो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेल्या भिंती तिथे जवळून दिसतात. मिठाचे स्फटिक खडकाच्या रंध्रांत वाढून कण कण सुटे करतात, त्यातून ही नक्षी होते. पण हा मार्गही फक्त ओहोटीचा आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि तिथून माणसे वाहून गेली आहेत. देवस्थानाची माणसे नको म्हणाली तर वाद घालू नका.

प्रश्न : कुणी पाण्यात पडलेच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे? (सातारा)

मागोमाग उडी मारायची नाही. बुडणारे एकाचे दोन होतात ते इथेच. एकाने पडलेल्या माणसावरची नजर हटवायची नाही, बोट त्याच्याकडे रोखून उभे राहायचे. दुसऱ्याने दोरीची पिशवी फेकायची, त्याच्या डोक्याच्या पलीकडे, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. फेकणाऱ्याने बसून, पाय खडकाला टेकवून ओढायचे आणि लाट वर येत असताना तिच्या सोबत ओढायचे. लाट मागे जाताना फक्त धरून ठेवायचे.

पडलेल्या माणसाने काय करायचे हे त्याला आधीच माहीत हवे. सहज प्रेरणा होते ती जवळच्या खडकाला धरण्याची आणि तिथेच लाट आपटते. खडकापासून लांब, लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या बाहेर जायचे, पाठीवर तरंगायचे, वाट बघायची. बाहेरचे पाणी शांत असते. तिथून दोरीने किंवा होडीने काढता येते.

तिसऱ्याने फोन : ११२, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण सर्वांत आधी पोचेल ती गावातली होडी. म्हणून सकाळी उतरण्याआधी जवळच्या बंदरावर एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, भेटा. कुठे जाताय, किती जण, किती वाजता वर येणार, ते सांगा आणि त्यांचा नंबर घ्या. समुद्राबद्दल त्यांचे मतही विचारा. ‘आज नको’ म्हणाले तर विषय संपला.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आहे पण पाणी गिळून खोकतो आहे, असा माणूसही दवाखान्यात दाखवायचा, त्याच दिवशी.

प्रश्न : वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर गुहा आहेत आणि त्यांत पाकोळ्यांची घरटी आहेत असे ऐकले. होडी करून आत जाता येईल का? (बेळगाव)

आत जाऊ नका. वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरच्या गुहांत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. हा पक्षी अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो आणि लाळेने बांधलेली लहान वाटीसारखी घरटी भिंतीला चिकटवतो. या घरट्यांची परदेशात सुपासाठी चोरटी विक्री होत असे. स्थानिक मच्छीमारांना सोबत घेऊन झालेल्या संरक्षणाच्या कामानंतर त्याला आळा बसला. पक्षी आणि घरटी दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. विणीच्या दिवसांत गुहेत माणूस शिरला की थवा एकदम उठतो आणि अंडी, पिल्ले खाली पडतात.

होडीतून लांबून बघा, गुहेच्या तोंडावर पाकोळ्यांची ये-जा पहाटे आणि सायंकाळी छान दिसते. किनाऱ्यावरच्या इतर गुहांत वटवाघळे असतील तर त्यांच्यावर प्रकाश मारू नका आणि कोरड्या विष्ठेची धूळ उडवू नका. त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. कड्याच्या पोटाला आग्यामोहोळ लटकले असेल तर तिथून गप्प निघा. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन, यांपैकी काहीही त्यांना पुरते आणि खाली पळायला फक्त समुद्र असतो.

प्रश्न : कयाक घेऊन गुहेत शिरणे सुरक्षित की चालत? (पणजी)

ज्याला कयाक उलटल्यावर एकट्याने पुन्हा चढता येते, त्याच्यासाठी शांत दिवशी कयाक बरी. एका वेळी एकच बोट आत, दुसरी बाहेर. पाठमोरे शिरायचे, म्हणजे नजर लाटांवर राहते आणि निघताना पुढे वल्हवता येते. शिरण्याआधी कान द्या. आतून ‘धप्प’ असा खोल आवाज येत असेल तर आत हवा दबते आहे, तिथे जायचे नाही. हेल्मेट इथेही हवेच.

प्रश्न : मागच्या वेळी एकाला कालवाने कापले आणि ती जखम पंधरा दिवस चिघळली. असे का? (रत्नागिरी)

कालवाची धार ब्लेडसारखी असते, पण चिघळते ती आत राहिलेल्या कपच्यांमुळे आणि समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंमुळे. समुद्राच्या पाण्याने धुवून रुमाल बांधला की दोन्ही आत बंद होतात. पिण्याच्या पाण्याने पाच मिनिटे धार सोडून धुवा, जखमेच्या कडा उघडून चिमट्याने कपच्या काढा, आयोडीन लावा आणि पट्टी सैल बांधा. खोल जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते तपासा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याने वाट बघायची नाही. कापल्यापासून चोवीस तासांत लाली पसरली, फोड आले, ताप चढला तर थेट रुग्णालय.

वाळूच्या उथळ पाण्यातून चालताना पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा लागतो, तो टाळायचा तर पाय उचलून न टाकता घासत चला. मासा आधीच सरकतो. लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. वेदना लक्षणीय कमी होतात. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्याने हात घालून बघायचे. दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही.

प्रश्न : परत आल्यावर बॅटऱ्या, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) वगैरे महिनाभरात गंजले. काय चुकते? (मुंबई)

उशीर चुकतो. खारे पाणी वाळले की मीठ आत बसते आणि हवेतला दमटपणा ओढत राहते. रविवारी रात्री घरी पोचून धुवू म्हटले की आठ-दहा तास गेले. मुक्कामाच्या ठिकाणीच बादलीभर गोड्या पाण्यात सगळे अर्धा तास बुडवून ठेवा, मग दुसऱ्या पाण्याने खळबळून घ्या. कॅराबिनरचे गेट पाण्यातच दहा-बारा वेळा उघडझाप करा, मीठ स्प्रिंगमध्ये बसते. सावलीत वाळल्यावर बिजागरीला सिलिकॉन किंवा मेणाचे वंगण, शिवणयंत्राचे तेल नको, त्याला वाळू चिकटते. दोरी पिशवीबाहेर काढून सैल टांगा, पिशवीत ओली राहिली तर कुजका वास धरते.

बॅटरीचे झाकण मात्र धुण्याआधी उघडायचे नाही. आधी बंद ठेवून बाहेरून धुवा, पूर्ण पुसा, मगच उघडा. रबरी कडीवर वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी पाणी आत जाते, ती कडी बोटाने फिरवून तपासा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. आत पाणी गेलेच असेल तर सेल लगेच काढा, संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर जुन्या टूथब्रशला व्हिनेगर लावून घासा, गोड्या पाण्याने पुसा आणि झाकण उघडे ठेवून दोन दिवस वाळवा. सेल परत घालू नका, नवे घ्या.